सोलापुरात आरोनिया लावू का? लावलेल्या माणसाचं उत्तर

प्रश्न मोहोळ तालुक्यातल्या एका दादांचा आहे, थोडक्यात असा. दोन एकर रान, डाळिंब होतं, तेल्या रोगाने गेलं, गेल्या वर्षी बाग काढून टाकली. आता एक एजंट येऊन गेलाय, तो म्हणतो 'आरोनिया' नावाची काळी बेरी लावा, परदेशात लई डिमांड आहे, एकरी १२०० रोपं बसतात, रोप ३५० रुपयाला, तिसऱ्या वर्षापासून माल आम्हीच किलोला ४०० ने उचलणार. दादांनी २१ हजार टोकन देऊन टाकलंय, बाकीचे पंधरा दिवसांत द्यायचेत. आणि विचारतायत, लावू का, आणि नाही तर मग काय लावू.

नका लावू. बाकीचे पैसे देऊ नका, एवढं आधी वाचा आणि मग चहा पिऊन पुढचं वाचा. दोन एकराला २४०० रोपं, म्हणजे ८ लाख ४० हजार नुसत्या रोपांचे, खड्डे, ड्रीप, मजुरी वेगळीच.

आता का नको ते सांगतो, कारण नुसतं नको म्हटलं की माणूस म्हणतो याला काय माहीत, हा जुन्या वळणाचा. मी चोवीस वर्षं नर्सरी करतोय, डाळिंबाच्या गुट्या, जांभळाची कलमं, करवंदाची रोपं, सगळं हाताने केलेलं आहे. आणि आरोनिया मी स्वतः लावून बघितलंय, कुंडीत, त्याची गोष्ट पुढे येतेच. शिवाय मुलगी पोलंडमध्ये लुब्लिनला असते, तिच्याकडे एकदा ऑगस्ट-सप्टेंबरला गेलो होतो तेव्हा तिकडच्या बागेत उभा राहून तोडणी बघितली. म्हणजे ऐकीव नाही.

झाड काय आहे ते आधी. आरोनिया मेलॅनोकार्पा, इंग्रजीत ब्लॅक चोकबेरी. मूळ उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं, दलदलीच्या कडेला, जंगलाच्या काठाला वाढणारं झुडूप. खानदान गुलाबाचं, म्हणजे सफरचंद, नाशपतीचं भावकीतलं. फळ वाटाण्याएवढं किंवा थोडं मोठं, काळंशार, घोसात येतं, आणि बेरी म्हणत असले तरी रचनेनं ते बारकं सफरचंदच आहे, फळ उलटं धरलं तर टोकाला सफरचंदाला असतो तसा वाळका मुकुट दिसतो. चोक म्हणजे घसा आवळणे, नावातच सगळं आलं. रशियात इव्हान मिचुरिन नावाचा फळझाडांवर काम करणारा माणूस होता, त्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे झाड हाताळलं, संकर केले, कारण त्याला कडाक्याच्या थंडीत टिकणारं फळ पाहिजे होतं. त्याच्या गावाचं नावच पुढे १९३२ मध्ये मिचुरिन्स्क केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत मुलखात याची मोठी लागवड झाली आणि पुढे पोलंडने सगळ्यांना मागे टाकलं, आज जगात सगळ्यात जास्त आरोनिया तिथेच पिकतं. उणे ३० अंशात हे झाड आरामात उभं राहतं. हे वाक्य एजंट पण सांगतो, 'उणे तीसला टिकतं म्हणजे किती काटक बघा'. अहो पण आपल्याला उणे तीसला नाही, अधिक चव्वेचाळीसला टिकवायचंय.

मुद्दा थंडीचा आहे आणि तो नीट समजून घ्या, कारण उद्या दुसरा एजंट दुसरंच झाड घेऊन येईल. थंड मुलखातलं झाड हिवाळ्यात पानं टाकून झोपतं. ते परत कधी उठायचं हे ते कॅलेंडर बघून ठरवत नाही, थंडीचे तास मोजून ठरवतं. साधारण ७ अंशाच्या खाली किती तास गेले ते. आरोनियाला असे ८०० ते १००० तास लागतात. आता आपल्याकडचा हिशोब करा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आपण स्वेटर-मफलर घालून भजी खात फिरतो ती थंडी म्हणजे रात्री बारा-चौदा अंश, फार कडक पडली तर नऊ-दहा, आणि सकाळी दहाला ऊन चटका देतंय. सात अंशाखालचे तास मोजायला बसलात तर बोटंसुद्धा पुरून उरतील. झाडाच्या दृष्टीने सोलापुरात हिवाळा येतच नाही. मग ते काय करतं, डोळे अर्धवट फुटतात, एका फांदीला टोकाला पानं आणि खाली नुसती काडी, फूल येत नाही, आलं तर चार-दोन.

इथं डाळिंबवाले आणि द्राक्षवाले हुशारी करतात, त्यांचं पण ऐकून घ्या. डाळिंबवाला म्हणतो, ताण देऊ, इथ्रेल मारून पानगळ करू, बहार धरू. डाळिंबाला ते चालतं कारण डाळिंबाला थंडीचे तास जवळजवळ लागतच नाहीत, त्याला पाण्याच्या ताणावर फूल काढता येतं, म्हणून तर आपण मृग, हस्त, आंबिया यातला हवा तो बहार धरतो. आरोनियाची पानं पाडली म्हणजे नुसती पानं पडतात, थंडी मिळत नाही. द्राक्षवाला म्हणतो डोळे फोडायचं औषध, सायनामाईड लावू, ऑक्टोबर छाटणीला लावतोच की. ते औषध थोडीफार कमी पडलेली थंडी भरून काढतं, सगळीच्या सगळी नाही. शंभरात दहा कमी असतील तर भरतील, शंभरच्या शंभर कशी भरणार.

आणि मग कोणीतरी म्हणतंच, सफरचंद येतंय की महाराष्ट्रात! येतंय, कबूल, पण ते हरिमन ९९ किंवा अण्णा अशा कमी थंडीच्या जातींचं. आरोनियाच्या ज्या जाती जगभर लावतात, वायकिंग, नीरो, आरोन, गॅलिचांका, त्या सगळ्या थंड देशात निवडलेल्या, थंड देशासाठी.

दुसरी गोष्ट माती. आरोनियाला सामू (पीएच) ६ ते साडेसहा आवडतो, हलकी आम्लट माती, ओलावा कायम आणि मुळं वरच्या थरात पसरलेली. आपल्या मोहोळ-पंढरपूरच्या काळ्या रानाचा सामू आठ, साडेआठ, त्यात चुनखडी, बोअरचं पाणी असं जड की ड्रीपर पांढरे पडतात. उसाला केवडा पडतो बघा, पान पिवळं पण शिरा हिरव्या, तसाच केवडा याला पडतो, लोह मातीत असूनही झाड उचलू शकत नाही. हिराकस (लोहाचं खत) टाकून कुंडी सांभाळता येईल, दोन एकर कसं सांभाळणार.

आता माझ्या झाडाची गोष्ट. पोलंडवरून आलो ते डोक्यात किडा घेऊनच. तिकडून रोप आणायचं नाही एवढं माहीत होतं, परवानगी आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय परदेशातलं रोप बॅगेत टाकून आणणं कायद्याने चालत नाही, आणि चालू पण नये, तिकडचा एखादा रोग इकडे आला की झालं. आधी ऑनलाईन बी मागवलं, पाकिटावर काळ्या बेरीचा झकास फोटो. बारा दिवसांत उगवलं. तिथेच शंका यायला पाहिजे होती, कारण आरोनियाचं बी ओल्या वाळूत फ्रीजमध्ये तीनेक महिने ठेवल्याशिवाय उगवत नाही. पण हौस आंधळी असते, मी पाणी घालत बसलो. दोन महिन्यांनी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, "मालक, कामोणीला कुंडी कशाला दिलीय?" खरंच की, कामोणी! बांधावर फुकट उगवते ती.

मग हिमाचलमधल्या एका ओळखीच्या नर्सरीवाल्याकडून डिसेंबरात दोन काड्या मागवल्या, मुळं शेवाळात गुंडाळलेल्या, पानं नसलेल्या. डोळे चांगले भरलेले होते. आता यांना थंडी द्यायची कशी. १००० तास म्हणजे सलग बेचाळीस दिवस. घरच्या फ्रीजमध्ये ठेवल्या तर सहाव्या दिवशी बायकोने भाजीच्या ट्रेमधून काढून अंगणात ठेवल्या, बरोबरच आहे तिचं, मातीच्या काड्या कोथिंबिरीशेजारी कोण ठेवतं. शेवटी पंढरपूरकडे एका ओळखीच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये त्या नेऊन ठेवल्या, चार-पाच अंशात, बेदाण्याच्या बॉक्सच्या थप्पीमागे, ओल्या गोणपाटात. तिथला पोरगा दर वेळी विचारायचा, काका हे जळण कशाला ठेवलंय.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला बाहेर काढून कुंड्यांत लावल्या, निम्मा कोकोपीट, चांगलं कुजलेलं शेणखत, लाल माती, थोडं गंधक, शेडनेटखाली. पावसाचं साठवलेलं पाणी घालत होतो, बोअरचं अजिबात नाही. आणि खरं सांगतो, एक काडी काय फुटली! वीस दिवसांत चकचकीत हिरवी पानं, कडेला बारीक दाते, आणि मार्चमध्ये तीन घोस पांढऱ्या फुलांचे, आत गुलाबी ठिपक्यांसारखे केसर. मी नर्सरीत येणाऱ्या प्रत्येकाला ओढून नेऊन दाखवत होतो. एकटंच झाड असलं तरी फळ धरतं, परागीकरणाला दुसरी जात लागत नाही, म्हणून अकरा फळं धरली, मी रोज मोजायचो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पारा बेचाळीसच्या वर गेला. पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, कागद शेकल्यासारख्या, मग फळं मिऱ्याएवढी होऊन तिथल्या तिथे वाळली. अकराच्या अकरा. ती फुलं पण हिमाचलच्या पुण्याईची होती, डोळे तिकडेच तयार झालेले. दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम कोल्ड स्टोरेजमध्ये नेलं नाही, बघू म्हटलं काय करतं. टोकाला सात पानं आली, फूल नाही. तिसऱ्या वर्षी मेमध्ये गेलं. दुसरी काडी तर पहिल्या उन्हाळ्यातच गेली होती.

म्हणजे एका झाडाला कोल्ड स्टोरेज, शेडनेट, पावसाचं पाणी, एवढं करून अकरा मिरे. आता २४०० झाडांचं करा गणित.

आता पोलंडमध्ये ते कसं करतात ते पण सांगतो, कारण एजंटने सांगितलेलं आणि तिथे बघितलेलं यात फरक आहे. तिकडे ओळींमध्ये चार मीटरच्या आसपास अंतर सोडतात आणि ओळीत झाडं जवळजवळ, मीटरभराच्या आतबाहेर, म्हणजे झुडपं एकमेकांत मिसळून सलग कुंपण होतं. ते मशीनसाठी. तोडणी हाताने कोणी करत नाही, मशीन ओळीवरून हळूहळू जातं, फांद्या हलवतं, फळं पट्ट्यावरून मागे क्रेटमध्ये. मेमध्ये फुलतं, उशिरा फुलतं म्हणून वसंतातल्या हिमाचा फटका चुकतो, आणि ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तोडणी. लागवडीपासून तिसऱ्या वर्षी थोडं फळ, पाचव्या-सहाव्या वर्षी भर. खालून फुटवे फार काढतं, म्हणून सहा-सात वर्षं जुन्या झालेल्या जाड काड्या जमिनीलगत कापून नवीन फुटव्यांना जागा करून देतात, बाकी छाटणीचं मोठं शास्त्र नाही. फवारणी पण कमी. पाखरंसुद्धा लवकर तोंड लावत नाहीत, एवढं तुरट.

किती तुरट ते सांगतो. बागवाल्या आजोबांनी मूठभर दिली आणि हसत बघत उभे राहिले. मी चार एकदम तोंडात टाकली. आधी गोड लागतं, साखर असते त्यात भरपूर, आणि मग कच्चं जांभूळ, हिरडा आणि कच्चं केळं एकत्र चावल्यासारखं, जीभ टाळूला चिकटते, घोट गिळवत नाही. दिवसभर दात जांभळे. मुलगी म्हणाली बाबा, इथले लोक पण असं खात नाहीत. ते काय करतात, फळ आधी डीपफ्रीज करतात, गोठवलं की तुरटपणा बराच कमी होतो. मग सफरचंदाच्या रसात मिसळून ज्यूस. घराघरात सरबताचा पाक करतात, त्यात आंबट चेरीच्या झाडाची पानं टाकून उकळतात, त्याचा वास फार सुंदर येतो, बदामासारखा. नालेव्का म्हणून फळ दारूत मुरवून ठेवायचा प्रकार आहे, तो मी वास घेऊन परत दिला (वारकरी घरातला माणूस). बाकीचा माल रंगासाठी जातो, ज्यूस, जॅम, दही यांना जांभळा रंग द्यायला, त्यात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य एवढं भरलेलं असतं की थेंबभर अर्क पुरतो.

म्हणजे हे ताजं खायचं फळ नाहीच, हे कारखान्याचं फळ आहे. आणि कारखान्याच्या फळाचं जे होतं ते तिथे पण झालंय, लागवड वाढली, माल वाढला, काही वर्षी भाव असा पडला की तोडणी परवडेना आणि लोकांनी बागा उपटल्या. सोलापूर मार्केट यार्डात कांद्याची पट्टी हातात घेऊन उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मग असा तयार ज्यूस, पावडर तिकडून मिळत असताना तुमच्याकडून कोणी ४०० ने का घेईल, हा प्रश्न एजंटला विचारा, तो विषय बदलेल.

तब्येतीच्या दाव्यांबद्दल दोन शब्द. बीपी, कोलेस्टेरॉलवर छोटे-छोटे अभ्यास झालेत, कुठे थोडा फायदा दिसला कुठे नाही. फळ चांगलं आहे, औषध नाही. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारून घ्या, पावडरच्या डब्यावरचं वाचून गोळी बंद करणारे लोक माझ्या ओळखीत आहेत म्हणून सांगतो. आणि एक, चोकचेरी नावाचं दुसरंच झाड आहे, नाव सारखं वाटतं पण त्याची पानं आणि बिया विषारी असतात, नेटवर फोटोंची सरमिसळ फार आहे.

दादा, तुम्ही पाठवलेल्या फोटोवर येतो. एजंटने दाखवलेल्या रोपाचं पान मोठं, खरबरीत, एका पानाला तर कापलेल्यासारखे कोपरे आहेत. आरोनियाचं पान लहान, चकचकीत, लंबगोल, कडेला अगदी बारीक दाते, आणि खरी खूण म्हणजे वरच्या बाजूला मधल्या शिरेवर ओळीने बारीक काळपट ठिपके असतात, भिंग नसलं तरी मोबाईलचा कॅमेरा झूम केला की दिसतात. तुमच्या फोटोतलं मला सरळ सरळ तुती वाटतंय. देठ मोडून बघा, पांढरा चीक आला की तुतीच. तुती वाईट नाही, आपल्याकडे मस्त येते, पण तिच्या काड्या रेशीमवाल्यांकडे छाटणीच्या वेळी बांधावर ढीग पडलेल्या असतात, ३५० रुपये कशाचे.

मग दोन एकरात काय. काळं, तुरट-आंबट, प्रक्रियेला जाणारं, झुडूप असलेलं, असंच पाहिजे असेल तर आपलं करवंद काय वाईट आहे? लोक हसतात, करवंद काय लावायचं असतं होय. अहो, पानपट्टीवर गोड पानाला काडीने टोचलेली ती लालभडक 'चेरी' असते ना, केकवर असते, ती बहुतेक वेळा चेरी नसतेच, साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं. पिढ्यानपिढ्या आपण करवंद खातोय चेरी समजून. म्हणजे मार्केट आहे, नाव दुसऱ्याचं आहे एवढंच.

करवंदाला हलकं मुरमाड रान चांगलं, चुनखडी चालते, कमी पाऊस चालतो, फक्त पाणी साचणारं काळं रान नको. तुमच्या दोन एकरात वरचा मुरमाचा तुकडा असेल तो त्याला द्या, आणि चारी बाजूने कुंपण म्हणून लावा, काटे असे की डुक्कर काय बकरंसुद्धा आत यायचं नाही. कुंपणाला दोन-अडीच फुटावर एक, बागेसारखं करायचं तर तीन बाय तीन मीटर. जाती विद्यापीठांनी काढलेल्या आहेत, दापोलीची कोकण बोल्ड आहे, पंतनगरच्या पंत मनोहर, पंत सुदर्शन आहेत. बियाचं रोप स्वस्त पडतं पण झाडागणिक फळ वेगळं येतं, त्यामुळे कुंपणाला बियाचं आणि बागेला निवडलेल्या जातीचं, असा माझा सल्ला. बी स्वतः करायचं तर पिकलेल्या फळातून काढून धुवा, सावलीत एखादा दिवस सुकवा आणि लगेच पिशवीत टाका. ठेवलेलं बी उगवत नाही, ही चूक नवीन माणूस हमखास करतो, पावसाळ्यात बी काढतो आणि पुढच्या मार्चमध्ये लावतो. रोप सुरुवातीला फार हळू वाढतं, वर्षभर पिशवीतच ठेवावं लागतं, तेव्हा धीर सोडू नका. पहिले दोन उन्हाळे ड्रीपने पाणी द्या, पुढे ते आपलं आपण बघतं. तिसऱ्या वर्षापासून फळ, चांगलं झुडूप झालं की चार-पाच किलो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलतं, मे-जूनमध्ये लोणच्या-चटणीची कच्ची फळं, पुढे पावसात काळी पिकलेली.

एक व्यवहारातली गोष्ट. कच्चं फळ तोडलं, चिरलं की चीक निघतो, हात काळे-चिकट होतात आणि साबणाने जात नाहीत, म्हणून आधी हाताला गोडं तेल चोळून घ्या. 'चेरी' करणारे लोक फळ चिरून बी काढून मिठाच्या पाण्यात ठेवतात, चीक आणि तुरटपणा उतरतो, मग चार-पाच दिवस रोज पाक थोडा थोडा दाट करत मुरवतात. एकदम दाट पाकात टाकलं तर फळ सुरकुततं, मनुक्यासारखं होतं. आमच्या घरी पहिल्या वर्षी पाच किलोचं असंच चामडं झालं होतं, पोरांनी लगोरीला वापरलं.

फालसा पण बघा, थोडासाच, वीस-पंचवीस झुडपं. डिसेंबर-जानेवारीत कमरेएवढं छाटायचं, एप्रिल-मेमध्ये फळ, ऐन उन्हाळ्यात सरबताला हात जोडून लोक घेतात. पण रोज तोडावं लागतं आणि एका दिवसाच्या वर टिकत नाही, म्हणून सोलापूर शहर जवळ असेल, रोज कोणी गाडी घेऊन जाणारं असेल तरच. जांभूळ म्हणाल तर कोकण बहाडोलीची कलमं बांधावर दहा-बारा, ती तुमच्यापेक्षा तुमच्या पोरांसाठी.

आणि डाळिंब कायमचं सोडू नका. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावला आहे, देशातलं एकच, आणि आपण त्याच्या एवढ्या जवळ राहून पोलंडचं झुडूप शोधतोय. तेल्याचं रान काही काळ रिकामं ठेवायचं, जुनी पानं, फांद्या, फळं गोळा करून जाळायची, रोगमुक्त रोपं घ्यायची, पावसाळी बहार टाळून हस्त बहाराकडे जायचं, हे सगळं तिथे जाऊन समोरासमोर विचारा. माती-पाणी तपासणीचा कागद घेऊन जा, हात हलवत जाऊ नका.

राहिले तुमचे २१ हजार. एजंटला तीन गोष्टी मागा, फोनवर नको, लेखी, व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला तरी चालेल. रोपवाटिकेचा परवाना, फळरोपं विकायला १९६९ च्या कायद्याखाली राज्यात परवाना लागतो. झाडाचं शास्त्रीय नाव आणि जात लिहिलेलं पक्कं बिल. आणि बायबॅकचा, म्हणजे माल त्यांनीच विकत घ्यायचा करार स्टॅम्पपेपरवर, किती किलो, काय भाव, कुठल्या गावाला पोच, नाही उचलला तर काय. आपल्याकडे सफेद मुसळी झाली, इमू झाले, प्रत्येक वेळी बायबॅकच होता आणि उचलायची वेळ आली तेव्हा फोन लागत नव्हता. माझ्या सख्ख्या मेहुण्याने इमू पाळले होते, शेवटी अंडी कोणी घेईना म्हणून घरात शोकेसमध्ये दोन ठेवलीयत अजून. कागद मिळाले नाहीत तर पैसे परत मागा, नाहीच दिले तर मेसेज, पावती, फोटो सगळं जपून ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करा आणि ग्राहक आयोगात पण जाता येतं.

आणि तो देठ आजच मोडून बघा. चीक आला तर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, एजंटसमोर मोडलात तर आणखी चांगलं.